स्पॅनिशचा वर्तमानकाळ आणि शालनबायचं ‘जातलां’

पालयेच्या चढावर स्कूटरच्या मागच्या सीटवरून आवाज आला, “नोसोत्रोस!”

मी समोर बघत ओरडलो, “आब्लामोस!”

“एयोस!”

“आब्लान!”

समोरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक येत होता. मी गाडी कडेला घेतली, धूळ खाली बसू दिली. मागची बाई म्हणाली, “ट्रक आला म्हणून क्रियापद थांबत नाही. आता कोमेर घे.”

नोसोत्रोस म्हणजे आम्ही, एयोस म्हणजे ते लोक. आब्लार म्हणजे बोलणे आणि कोमेर म्हणजे खाणे. मागे बसलेली बाई म्हणजे मारिसोल. स्पेनमध्ये प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. रिटायर झाल्यापासून दर हिवाळ्यात हरमलला येते आणि आमच्या गेस्ट हाऊसच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहते. तिला मी बाजाराला पेडण्याला न्यायचं, रोपं घ्यायला धारगळला हायवेवर न्यायचं, आणि जाता-येता तिनं मला स्पॅनिश शिकवायचं, असं ठरलं होतं. त्यामुळे माझं सगळं स्पॅनिश स्कूटरवर झालं. अजूनही हेल्मेट घातलं की मला जरा जास्त आठवतं.

मी आजऱ्याकडचा. नववीत शाळा सुटली. गोव्यात आलो तो धारगळला बांधकामावर. तिथे तापानं पडलो तेव्हा कामावरचे लोक मला हरमलच्या शालनबायकडे सोडून गेले, कारण तिला खोल्या झाडायला माणूस हवा होता. आलेला माणूस उभाच राहू शकत नाही म्हटल्यावर तिनं परत पाठवायला हवं होतं. तिनं मला आठवडाभर पेज पाजली आणि मग झाडू दिला. तेव्हापासून मी तिथेच. खोल्या, चादरी, पाण्याची मोटर, गिऱ्हाइकांच्या स्कूटर, सगळं माझ्याकडे. पण ते फक्त सीझनपुरतं. मे महिना आला की मी शालनबायच्या मागे लागायचो. मी विचारायचो, “बाय, पावसात मला ठेवणार ना?” शालनबाय म्हणायची, “जातलां रे.”

जातलां म्हणजे होईल. पेडण्याकडचा हा शब्द मी आल्याबरोबर शिकलो, आणि आमचा धंदा त्याच्यावरच उभा आहे हे थोड्या दिवसांनी कळलं. गिऱ्हाईक म्हणतं वायफाय येत नाही. जातलां. पंखा आवाज करतो. जातलां. शेजारच्या बांधकामाचा त्रास होतो. जातलां, म्हणजे ते संपेल. कुणी खोटं बोलत नसतं. मनापासून म्हणत असतात. फक्त कधी ते सांगत नाहीत. माझंही दर वर्षी जातलां व्हायचं आणि जूनमध्ये मी बॅग घेऊन एसटीत बसायचो. गावाकडे काजूच्या कारखान्यात काम असतं. काजूच्या तेलानं बोटं काळी होतात आणि सीझन सुरू होईस्तोवर तशीच राहतात. गिऱ्हाइकाला चहा देताना ती लपवावी लागतात.

त्या वर्षी मारिसोलनं एक बातमी आणली. तिच्या ओळखीची इनेस नावाची बाई स्पेनमधल्या पेन्शनर लोकांचे ग्रुप हिवाळ्यात बाहेरगावी नेते. तिला समुद्राजवळचं घर सबंध सीझनसाठी हवं होतं. अट एकच. ग्रुपमधल्या कुणालाही इंग्लिश येत नाही, तर घरातल्या एका माणसाला तरी स्पॅनिश यायला हवं, आणि तो माणूस कायम तिथे हवा. मारिसोल चालणार नव्हती, कारण ती मार्चमध्ये परत जाते.

शालनबायनं अंगणात नजर फिरवली. घोव बोटीवर, पोरगी पणजीला कॉलेजात. राहिलो मी, हातात ओल्या चादरी घेऊन.

“मारुती शिकतलो,” ती म्हणाली.

“बाय, मी इंग्लिशमध्ये नापास झालोय.”

“इंग्लिशींत झालोस मरे. स्पॅनिशींत अजून खंय झालोस?”

मग मला बाजूला घेऊन तिनं साध्या मराठीत सांगितलं, “हे बुकिंग आलं तर तू बारा महिने इथे. डेस्कवर बसायचं. नाही आलं तर मे महिन्यात मी पण काय करू?” ती पहिल्यांदाच जातलां म्हणाली नाही, म्हणून मी जास्त घाबरलो.

स्पॅनिश क्रियापदाबद्दल नवख्या माणसाला एवढंच सांगतो की घाबरायचं कारण नाही. आपल्याकडे ‘जातोस’ म्हटलं की ‘तू’ वेगळं सांगावं लागत नाही, तसंच त्यांचं आहे. शेपूट बघून माणूस ओळखायचा. आब्लो म्हणजे मी बोलतो. आब्लास, तू बोलतोस. आब्ला, तो किंवा ती बोलते. क्रियापदांची तीन घराणी आहेत: आर-वाले, एर-वाले आणि ईर-वाले. आर-वाले गरीब, सांगाल तसे चालतात. बाकीचे दोघे भाऊ भाऊ, थोडे वेगळे. आणि काही वाह्यात आहेत, ते कुणाचंच ऐकत नाहीत. नेमके तेच रोज लागतात.

मारिसोल म्हणायची, मला ‘तू’ म्हण. मी म्हटलं, जमणार नाही. आईच्या वयाच्या बाईला अरे-तुरे करून मी घरी काय सांगू? त्यांच्याकडेही ‘आपण’सारखा एक शब्द आहे, आणि त्याचं शेपूट ‘तो’च्या शेपटासारखंच असतं. म्हणजे मान दिला की पाठांतर कमी. हा फायदा बघून मी सगळ्यांनाच मान द्यायला लागलो, कुत्र्यासकट. मारिसोल कपाळाला हात लावायची. मी तिला ‘मावशी’ म्हणायचो. त्याचा अर्थ कळल्यावर तिनं ‘तू’चा हट्ट सोडला.

अडलो ते ‘आहे’पाशी. स्पॅनिशमध्ये ‘आहे’ दोन आहेत, सेर आणि एस्तार. कुठला कुठे लावायचा ते मारिसोल भाज्या, फळं, समुद्र, सगळं दाखवून समजावत होती आणि मी मान हलवत होतो. शाळेत हलवायचो तशी.

ते सोडवलं शालनबायनं, तिला न कळता. सकाळी आमच्याकडे सायकलवर पोदेर येतो, म्हणजे पाववाला. तो भोंपू वाजवतो. मासेवालाही भोंपू वाजवतो. मी पिशवी घेऊन पळायला लागलो तर ती आतून ओरडली, “पोदेर न्हय रे तो!” म्हणजे हा वाजवणारा पाववाला नव्हे. थोड्या वेळानं मारिसोल पाव मागायला आली, तिला म्हणाली, “पोदेर अजून ना.” म्हणजे तो आलेला नाही. मी पिशवी घेऊन तिथेच उभा राहिलो. न्हय ते सेर. ना ते एस्तार. कोण आहे ते सेर, कुठे आणि कसा आहे ते एस्तार. मी मारिसोलला हे सांगितलं तेव्हा ती शालनबायकडे अशी बघायला लागली की शालनबायनं विचारलं, “कितां, पाव जाय हिका?” म्हणजे हिला पाव हवाय का.

तरी एक शंका राहिली. “मावशी, मेलेल्या माणसाला कुठला आहे?”

“एस्तार.”

“म्हणजे तो तात्पुरता मेलेला?”

“मारुती,” ती म्हणाली, “मी व्याकरण शिकवते. चमत्कार नाही.”

मारिसोलचा एक नियम होता. वर्तमानकाळ अंगात मुरल्याशिवाय दुसरा काळ नाही. शालनबायला ते अजिबात पटलं नव्हतं. एके दिवशी आम्ही परत आल्यावर तिनं माझी परीक्षा घेतली.

“‘फाल्यां गिझर जातलो’ कसां म्हणतत, सांग.”

“ते अजून झालं नाही, बाय. उद्याचं म्हणजे भविष्यकाळ.”

“मगे कितां झालां?”

“आज. आज काय आहे ते.”

ती मारिसोलकडे वळली आणि हातवारे करत म्हणाली, “आजचां कोण विचारता गो? गिरायक फाल्याचां विचारता. आमचो धंदो फाल्याचेर चलता!”

मी भाषांतर केलं, जमेल तसं, वर्तमानकाळात. मारिसोलनं थंडपणे उत्तर दिलं, “तिला सांग, पाया आधी.” ते मी कोकणीत सांगितल्यावर शालनबाय म्हणाली, “पायो घालतना घर पडतलां.”

घर पडायची वेळ अपेक्षेपेक्षा लवकर आली. इनेस घर बघायला पुढच्या आठवड्यात यायची होती. एका सकाळी मारिसोल केरीच्या फेरीबोटीनं तेरेखोलला गेली आणि तासाभरात रिक्षातून इनेस उतरली. बारीक चणीची, पुरुषी घड्याळ घातलेली, चालताना प्रत्येक फरशी पायानं दाबून बघणारी. तिचं दुसरीकडचं काम लवकर आटपलं होतं.

शालनबायनं मला ढकललं. “उलय.” म्हणजे बोल.

मी नमस्कार केला, नाव सांगितलं, मी इथे काम करतो, इथे राहतो, असं सगळं म्हटलं. इनेस खूश दिसली. ती सावकाश बोलत होती, लहान मुलाशी बोलावं तसं, त्यामुळे मला कळत होतं. आम्ही पहिल्या खोलीत गेलो.

“गरम पाणी आहे?”

“आहे.”

दुसरी खोली. “इथे?”

“नाही.”

“का?”

“गिझर मेलेला आहे.” एस्तार लावून म्हटलं. तेवढीच आशा.

इनेस हसली. मागून शालनबायनं विचारलं, “कितां म्हटलां तूंवें?”

“गिझर मेलाय म्हटलं.”

“अरे, जातलां म्हण तिका!”

“बाय, तो काळ मला येत नाही.”

“मगे इतके दीस गाडयेर कितां शिकलोस? वारो खावपाक?”

मी खरंच प्रयत्न केला. ‘मान्याना’ म्हणजे उद्या, हा शब्द मला येत होता. मी म्हटलं, “मान्याना…” आणि थांबलो. उद्या काय, ते सांगायला क्रियापद नव्हतं. इनेस भुवई वर करून थांबली. मी पुन्हा म्हटलं, “मान्याना…” आणि हातानं स्क्रू पिळल्यासारखं केलं. ती म्हणाली, “आमच्या गावातला प्लंबरही एवढंच म्हणतो.”

पुढे उतारच होता. पायऱ्या आहेत का? आहेत. पुष्कळ? पुष्कळ. माकडं आहेत? आहेत. काय करतात? खातात. काय खातात? इथे मला शब्द येत होता म्हणून उत्साहात सांगितलं: साबण खातात, फुलं खातात, चपला खात नाहीत पण नेतात. लाइट जातो? जातो. जनरेटर आहे? आहे. चालतो? मी जरा विचार केला. “तो आहे,” म्हटलं.

मग ती टेबलावर बसली आणि तिनं मेनूकार्ड उघडलं. आमच्या मेनूकार्डावर जगातले सगळे पदार्थ आहेत, किचनमध्ये मोजके. इतर हॉटेलांतही तसंच असतं, गिऱ्हाईकही मनाला लावून घेत नाही. पण इनेस एकेका ओळीवर बोट ठेवून विचारत गेली आणि मी नाही, नाही, नाही म्हणत गेलो. बांगड्यावर बोट आलं तेव्हा मी एवढ्या जोरात “आहे!” म्हटलं की किचनमधून कूक बाहेर आला.

शालनबाय खुर्चीत बसली होती. तिनं सुपारी कातरायला घेतली आणि न कातरता ठेवून दिली. “मारुती,” ती हळू म्हणाली, “तूं म्हजां घर भाड्यान दिता काय मोडून घालता?”

ज्या बाईनं मला तापात पेज पाजली, तिच्या घराचे मी पाहुणीसमोर पंचनामा केल्यासारखे वाभाडे काढले होते, आणि तेही तिनंच मला शिकायला लावलेल्या भाषेत. मला चादरी, बॅग, एसटी, सगळं दिसायला लागलं.

इनेसनं मेनूकार्ड मिटलं आणि माझ्याकडे वळली. तिनं आणखी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं. पुढचा हिवाळा. तू. इथे. आहेस का?

हे मला पूर्ण कळलं. आणि याचं उत्तर द्यायला भविष्यकाळ लागत नव्हता. तिनं वर्तमानातच विचारलं होतं. ‘एस्तोय आकी’, मी इथे आहे. पहिल्या आठवड्यात, पालयेच्या चढावर शिकलेलं वाक्य. शब्द जिभेवर होता. पण तो माझ्या मालकीचा नव्हता. मी ते म्हटलं असतं तर त्या सकाळचं पहिलं जातलां माझ्या तोंडून गेलं असतं.

मी मेनूकार्ड उचलून जागेवर ठेवलं. इनेसला वाटलं मला कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं.

“कितां विचारता ती?” शालनबाय म्हणाली.

“पुढच्या हिवाळ्यात मी इथे आहे का, असं विचारतेय.”

“मगे सांग मरे.”

“काय सांगू, बाय?”

शालनबायनं सुपारी पुन्हा हातात घेतली. सगळ्या जगाला जातलां देणारी बाई, पण मला काय द्यायचं त्याचा तिनं तोवर कधी विचार केला नसावा. बाहेर मासेवाल्याचा भोंपू वाजून गेला, कुणी उठलं नाही. तिला हिशेब कळत होता. बुकिंग जवळजवळ हातचं गेलेलं, आणि बुकिंगशिवाय हा माणूस पावसाळाभर सांभाळायचा.

“हांगाच आसा,” ती म्हणाली. मग इनेसकडे बघून, बोट माझ्याकडे करून, मोठ्यानं म्हणाली, “हो हांगाच आसा. खंय वचना.”

इथेच आहे, कुठे जात नाही. ‘जाणार नाही’ असं नव्हे.

मी इनेसला सांगितलं, “एस्तोय आकी.” तिनं मान डोलावली, उठली आणि घराच्या मागची विहीर बघायला गेली.

संध्याकाळी मारिसोल आल्यावर मी सगळं सांगितलं. तिनं सगळ्यात आधी गिझरच्या वाक्यातलं शेपूट बरोबर होतं का ते विचारलं. होतं. मग ती इनेसशी फोनवर बोलली. इनेसचं म्हणणं असं की बाकीच्या सगळ्या घरांत सगळं होतं, आणि जे नव्हतं ते होणार होतं. इथे निदान बरोबर काय आणायचं ते कळलं: गरम पाण्याच्या पिशव्या, गुडघ्याचे पट्टे आणि साबणाला झाकणाचा डबा. तिनं घर सबंध सीझनसाठी घेतलं. मेलेल्या गिझरची खोली तिनं स्वतःसाठी ठेवली, म्हणजे तो जिवंत होतो की नाही ते तिला बघता येईल.

शालनबायनं गावभर सांगितलं की मारुतीला मीच बजावलं होतं, खोटं काही बोलायचं नाही. मी शेजारी उभा राहून मान हलवली. त्या पावसाळ्यात मी तिथेच होतो. डेस्कवर बसेन असं वाटलं होतं. बहुतेक वेळ छपरावर होतो, कौलं परतत. तिथून समुद्र चांगला दिसतो. आईला फोन करून सांगितलं की मी या वर्षी येत नाही, तर ती म्हणाली, “अरं, मग तिथं खाऊन-पिऊन ऱ्हा की. आणि ती बाय म्हातारी झाली असंल, तिला वरचीवर वर चढाय देऊ नगंस.” शालनबाय तेव्हा पन्नाशीचीही नव्हती. मी तिला हे सांगितलेलं नाही.

इनेस येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच शालनबायनं मारिसोलच्या मागे लागून मला भविष्यकाळ शिकवायला लावला. सोपा निघाला. ‘मी जातो करायला’ म्हटलं की झालं, म्हणजे करणार. आता मला भूतकाळही येतो, दोन प्रकारचा. ग्रुप आले की मी डेस्कवर बसून भराभर बोलतो. वायफाय होणार आहे, पंख्याचा माणूस येणार आहे, उद्या सुरमई मिळणार आहे.

परवा इनेस म्हणाली, “मारुती, तुझं स्पॅनिश खूप सुधारलं. पण पूर्वी तुझं बोलणं जास्त उपयोगी होतं.”

म्हणून कुणी नवीन भाषा शिकत असेल तर माझा सल्ला असा की वर्तमानकाळात जितकं राहता येईल तितकं राहावं. पुढचे काळ यायला वेळ लागत नाही, आणि ते आले की आपण सगळ्यांसारखेच होतो.